बसवणारे पुष्कळ, काढणार कोण?

निरोगी माणसाच्या शरीरात यंत्र बसवावे की नाही, हा प्रश्न हल्ली भविष्यातला म्हणून मांडला जातो. जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत चिप बसवली, तेव्हापासून तर जास्तच. स्मरणशक्ती वाढवणारी चिप, अंधारात पाहणारा डोळा, न थकणारा गुडघा अशी स्वप्ने रंगवली जातात आणि लगेच दोन तट पडतात. एका तटाला हे सगळे निसर्गाच्या विरुद्ध वाटते, दुसऱ्याला शंका काढणारा प्रत्येक जण बुरसटलेला वाटतो. परिसंवादाला हे ठीक आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसून पाहिले तर मात्र हा प्रश्न उद्याचा वाटत नाही. निरोगी शरीरात वस्तू बसवण्याचा आपल्याला साठ वर्षांचा अनुभव आहे. या वादात तो कोणी काढत नाही, एवढेच.

मी तांबीबद्दल बोलते आहे.

तांबी बसवून घेणारी बाई आजारी नसते. तिचे गर्भाशय आपले काम नीट करत असते. ते काम काही वर्षे थांबवता यावे, ही निसर्गाने न दिलेली मुभा तिला ते एवढेसे साधन देते. शरीराची क्षमता वाढवण्याची व्याख्या कशीही करा, तांबी तीत बसते. १९६५ साली सरकारने कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात लूप आणले. शिबिरे भरली, उद्दिष्टे वाटली गेली, आकडे झपाट्याने वर गेले आणि दोन-तीन वर्षांत घसरूही लागले. त्या लुपात दोष होते, पण घसरणीचे सगळे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. रक्तस्राव सुरू झालेली, पोटात दुखणारी बाई परत यायची तेव्हा शिबिर उठून गेलेले असायचे. एकीचे हाल ऐकून गावातल्या दहाजणी मागे फिरायच्या.

आजची तांबी त्या लुपापेक्षा कितीतरी सरस आहे आणि कोणी विचारले तर मी तिची शिफारसच करीन. तरीही मेडिसिनच्या ओपीडीत हिमोग्लोबिन सहावर आलेली बाई येते, पाळीत अंगावरून फार जाते म्हणते, सोनोग्राफीत तांबी दिसते आणि तीच आपल्याला विचारते, "कधी बसवली?" बाळंतपणाच्या गडबडीत कागदांच्या गठ्ठ्यावर सही झालेली असते, कधी तिची, कधी नवऱ्याची. दुसरी एखादी सांगते की ती काढून घ्यायला गेली होती, पण "अजून थोडे दिवस राहू द्या" म्हणून तिला परत पाठवले. बसवण्याचा आकडा बैठकीत विचारला जातो. काढून दिल्याबद्दल कोणी कोणाला शाबासकी दिल्याचे मी तरी ऐकलेले नाही. निरोगी शरीरातल्या यंत्रांच्या नीतीचा जो काही धडा आहे, त्यातला निम्मा मला इथेच दिसतो.

आजारी माणसाचा हिशेब वेगळा असतो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाला पूर्णपणे शरीराच्या आत बसणारा जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. शल्यचिकित्सक होते ऑके सेनिंग, यंत्र बनवले होते रुने एल्मक्विस्ट यांनी. तो पेसमेकर काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र २००१ पर्यंत, वयाच्या ८६ वर्षांपर्यंत जगले आणि तेवढ्या काळात त्यांना २६ पेसमेकर लागले. हा आकडा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. यंत्र बसवणे ही एका दिवसाची गोष्ट नसते, ती सोयरीक असते. बॅटरी संपते, तार सरकते, खिशासारख्या जागेत जंतुसंसर्ग होतो, तपासणीच्या तारखा पाळाव्या लागतात. एमआरआय काढायचा तर आधी यंत्राचे मॉडेल पाहावे लागते. माणूस गेल्यावरही सोयरीक सुटत नाही. चितेत पेसमेकरची बॅटरी फुटू शकते, म्हणून दहनाआधी तो काढावा लागतो, आणि हे ऐन दुःखात घरच्यांना सांगण्याचे काम आमच्याकडे असते.

लार्सन यांनी हे सगळे स्वीकारले कारण त्यांचे हृदय दिवसातून अनेकदा थांबत होते. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात मरण होते. पेसमेकर बसवल्यावर शंभरात एखाद-दोघांना जंतुसंसर्ग होतो, हे आम्ही रुग्णाला सांगतो आणि तो मान डोलावतो. तोच एखाद-दोघांतला जंतुसंसर्ग हाताच्या हलक्या इशाऱ्याने कचेरीचे दार उघडावे म्हणून त्वचेखाली काही बसवणाऱ्याला झाला तर? धोका तोच असला तरी दुसऱ्या पारड्यात आता फक्त एक किल्ली आहे.

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो. लस आपण निरोगी मुलालाच देतो. त्याच्या शरीरात नव्हती ती प्रतिकारशक्ती त्याला देतो. मग निरोगी शरीरात सुधारणा करण्याला तत्त्वतः विरोध कसा करणार? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच माझा तसा तात्त्विक विरोध नाही. पण लस टोचून झाली की तिचा निर्माता आपल्या शरीरातून निघून जातो. तिला बॅटरी लागत नाही, तिची कंपनी बुडाली म्हणून गोवर परत येत नाही. शिवाय एकाने घेतलेली लस शेजारच्या बाळालाही थोडी राखते. स्मरणशक्तीची चिप शेजाऱ्याला राखत नाही. ती त्याला मागे टाकण्यासाठी असते.

उपचार कुठे संपतो आणि वाढ कुठे सुरू होते, ही रेषाही वाटते तितकी ठळक नाही. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरे तर एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळा चिडत नाही, हे त्यांनी पाहिले होते. आज आपल्या घराघरांत आजी-आजोबांच्या डोळ्यांत अशी लेन्स आहे. त्याच विद्येतून पुढे चांगल्या, पारदर्शक नैसर्गिक लेन्सच्या पुढ्यात बसवायची लेन्स आली. मोठ्या नंबरचा चष्मा घालवण्यासाठी तरुण मुले-मुली ती बसवून घेतात. पुष्कळदा लग्न ठरवायच्या आधी. याला उपचार म्हणायचे की सुधारणा? मला त्यात गैर काही वाटत नाही. निर्णय घेणारी व्यक्ती सज्ञान असते आणि लेन्स पुन्हा काढता येते. चष्म्यामुळे नकार देणाऱ्या स्थळाबद्दल मला बरेच काही वाटते, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

जाता जाता एक गंमत. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात लेन्सच नसेल, तर त्या माणसाला अतिनील प्रकाशाचा काही भाग दिसू शकतो, कारण एरवी तो आपली नैसर्गिक लेन्स अडवते. म्हणजे इतरांना न दिसणारे पाहण्याची शक्ती वैद्यकाला फुकटात सापडली होती. आपण काय केले? कृत्रिम लेन्समध्ये अतिनील किरण अडवणारा घटक घातला, कारण ते किरण दृष्टिपटलाला बरे नाहीत. जास्त दिसणे म्हणजे चांगले दिसणे नव्हे, हे नेत्रतज्ज्ञांनी कसलीही परिषद न भरवता ठरवून टाकले.

खरी काळजी मला यंत्रापेक्षा यंत्राच्या मालकाची वाटते. निरोगी शरीरात हौसेने बसवल्या गेलेल्या वस्तूंमध्ये सिलिकॉनची स्तनरोपणे सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहेत. पहिले १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवले गेले. पुढे फ्रान्समधील पीआयपी नावाची कंपनी वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकॉन भरत असल्याचे २०१० मध्ये उघड झाले. जगभरात लाखो बायकांच्या शरीरात ती रोपणे होती. कंपनी बंद पडली, संस्थापकाला शिक्षा झाली. फ्रान्सच्या सरकारने आपल्याकडच्या सुमारे ३० हजार बायकांना ती काढून घेण्याचा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये बहुतेकींनी ती खासगी दवाखान्यात बसवून घेतली होती. काही दवाखाने बंद झाले होते, काहींनी हात वर केले. शेवटी सरकारी आरोग्यसेवेने सांगितले, दुसरे कोणी काढत नसेल तर आम्ही काढू, पण नवी बसवून देणार नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. मात्र त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. नफा खासगी तिजोरीत गेला, दुरुस्तीचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर आला, आणि ज्या दिवशी ही शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी त्या टेबलावर दुसऱ्या कोणाची होऊ शकली असती.

दुसरे उदाहरण निरोगी शरीराचे नाही, पण सांगायलाच हवे. अमेरिकेतील सेकंड साइट कंपनीचे आर्गस २ हे यंत्र दृष्टिपटलावर बसवले जाई. डोळे गेलेल्यांना त्यातून प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, समोरच्या माणसाची हालचाल कळे. युरोपात २०११ मध्ये, अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली. एका यंत्राची किंमत जवळपास दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते घेतले. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले, २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. रुग्णांच्या डोळ्यांत यंत्र तसेच राहिले. बिघडले तर सुटा भाग नाही, सॉफ्टवेअर सुधारणारा नाही, एमआरआयच्या वेळी विचारायला फोन नाही. अंधारातून मिळालेला उजेड एखाद्या दिवशी कायमचा जातो आणि त्याचे कारण रुग्णाच्या डोळ्यात नसून कंपनीच्या ताळेबंदात असते. मोबाइलची कंपनी बंद पडली तर आपण दुसरा फोन घेतो. इथे फोन कवटीत असतो.

आपल्याकडे असे होणार नाही, असे समजू नये. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात तो सुमारे ४ हजार ७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरले, केंद्राने पुढे तज्ज्ञ समिती नेमली, नुकसानभरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले. आणि तोवर त्यांतल्या मोठ्या संख्येने रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. ज्याच्या शरीरात ते आहे तो माणूस कुठे आहे, हे बसवणाऱ्यांना सांगता येत नव्हते.

मेंदूच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. कंपवातासाठी मेंदूत खोलवर तारा घालून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार आता रुळला आहे. जर्मनीतील एका रुग्णाला मनोविकारासाठी असे यंत्र बसवले होते. प्रवाह कमी-जास्त केला की त्याला फार आनंदी वाटते, असे लक्षात आले. तो घरी जाताना म्हणाला, थोडा वाढवून ठेवा. डॉक्टरांनी नकार दिला आणि हे प्रकरण २०१२ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात चर्चेला आले. त्याचा आजार तर आटोक्यात होता. उरलेला आनंद कोणी मोजून द्यायचा? मीही नकारच दिला असता, असे वाटते. कारण सांगायला लागले तर मात्र अडखळेन. दारू पिऊन आनंदी होणाऱ्याला आपण उपदेश करतो, पण परवाना त्याच्याकडेच असतो. इथे बटण डॉक्टरच्या हातात असते, आणि उद्या ते कंपनीच्या मासिक वर्गणीत असेल.

न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णाला खांद्याखाली हालचाल नव्हती. तो विचाराने संगणकाचा बाण हलवू लागला, बुद्धिबळ खेळू लागला. ही मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. काही आठवड्यांत मेंदूत घातलेल्या बारीक धाग्यांपैकी बहुतांश मागे सरकले, तेव्हा अभियंत्यांनी सॉफ्टवेअर बदलून काम पुन्हा जुळवले. अर्धांग झालेल्या तरुणाने हा धोका पत्करणे मला समजते. पण मस्क यांनी स्वतः अनेकदा सांगितलेले पुढचे ध्येय अर्धांगाच्या रुग्णांपुरते नाही, धडधाकट माणसाच्या मेंदूची कृत्रिम बुद्धिमत्तेशी जोडणी हे आहे. तिथे मी थांबते.

याचे पहिले कारण मुले. आपल्याकडे शिकवणी ही एके काळी कच्च्या मुलासाठी असे. मग हुशार मुलाने वर राहण्यासाठी लावली, मग सगळ्यांनी, आणि आज नीटची तयारी क्लासशिवाय करतो म्हणणाऱ्या मुलाकडे घरचेच संशयाने पाहतात. क्लासमुळे जागा वाढल्या नाहीत. सगळ्यांचा खर्च वाढला, सगळ्यांची झोप कमी झाली आणि क्रम जवळपास तोच राहिला. लक्ष एकाग्र करणारी चिप उद्या खरेच निघाली तर ती पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. आई-बाप कर्ज काढतील. मुलगा अठराचा व्हायच्या आत त्याच्या वतीने कोणीही, अगदी जन्मदात्यांनीही, उपचाराखेरीज असे काही बसवण्याची संमती देऊ नये. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचे कॉक्लिअर रोपण वेगळे. तिथे उशीर केला तर भाषा शिकण्याचे वय निघून जाते. कर्णबधिर समाजातील काही जणांचा त्यालाही आक्षेप आहे आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे, तरी माझे मत त्या बाळाच्या बाजूने आहे.

दुसरे कारण कामगार. "स्वेच्छेने" हा शब्द मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, आणि हे मी बीडकडे पाहून म्हणते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बाईचा पाळीच्या त्रासाने खाडा पडला तर दंड. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतल्या कोणालाही धरून-बांधून टेबलावर नेले नव्हते. कागदोपत्री प्रत्येकीची संमती असणार. पण खाड्याचा दंड, उचलीचे ओझे, "पिशवीला कॅन्सर होईल" असे सांगणारा डॉक्टर आणि फडावर नसलेले स्वच्छतागृह या चौघांनी मिळून ती सही घेतली. कामाला सोयीचे पडावे म्हणून शरीर बदलून घेण्याचा हा प्रकार आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. त्यासाठी कोणत्याही चिपची गरज पडली नाही.

आता याला यंत्र जोडा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली, तेव्हा कोण कुठे किती वेळ थांबला हे कचेरीत बसून दिसू लागले. घड्याळ निदान घरी गेल्यावर काढून ठेवता येते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात २०१७ साली एका कंपनीच्या सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी हाताच्या त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून घेतली. दार उघडायला, खाऊच्या यंत्रात पैसे भरायला. स्वीडनमध्ये हजारो लोकांनी हौसेने बसवली आहे. ती चिप पाळत ठेवत नाही, हे खरे आहे. पण विस्कॉन्सिनने त्याच्या ११ वर्षे आधी, २००६ मध्येच, कोणाच्याही शरीरात सक्तीने चिप बसवण्यास बंदी करणारा कायदा करून ठेवला होता, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. संकट येण्याआधी केलेला कायदा स्वस्त पडतो. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या हालचालीचे आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले.

माहितीचा प्रश्न हा काही कल्पनाविलास नाही. ओहायो राज्यात स्वतःच्या घराला आग लावल्याच्या आरोपावरून एका माणसावर खटला भरताना पोलिसांनी त्याच्याच पेसमेकरमधली नोंद पुरावा म्हणून घेतली आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी ती ग्राह्य धरली. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले, कारण बाहेरून कोणी त्यांत शिरू शकेल अशी फट सापडली होती. उपाध्यक्षपदी असताना डिक चेनी यांच्या हृदयातील यंत्राचा वायरलेस भाग घातपाताच्या भीतीने बंद ठेवला होता. ही सारी उपचाराची यंत्रे, कडक नियमांतून गेलेली.

आपल्याकडचे नियम काय म्हणतात? १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली, ही चांगली गोष्ट झाली. पण तिथली व्याख्या रोगाचे निदान, उपचार, शरीररचनेला किंवा शरीरक्रियेला आधार, गर्भनिरोध अशा हेतूंभोवती बांधलेली आहे. नुसते दार उघडणारी चिप यात बसते की नाही यावर वकील भांडत बसतील आणि तोवर ती एखाद्या टॅटूच्या दुकानात बसवली जाईल. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमांत उपचाराचा हेतू नसलेल्या पण शरीरात घातल्या जाणाऱ्या काही वस्तूंनाही त्याच चाळणीतून जायला लावले. तेवढी दुरुस्ती आपल्याला करता येण्यासारखी आहे.

आणि त्याबरोबर एक अट मी घालीन, जी मला कुठल्याच देशात पुरेशी दिसत नाही. निरोगी शरीरात काही बसवून विकायचे असेल तर ते काढण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च विकणाऱ्याने आधी, कंपनीच्या बाहेर, हात लावता येणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. बांधकामात अनामत ठेवतात तशी. संमतीपत्रावर फायदे-तोटे छापलेले असतातच. त्यात आणखी एक ओळ हवी, की हे काढायचे झाल्यास कोण, कुठे, कोणाच्या पैशाने काढील. आणि त्या ओळीखाली ग्राहकाची नव्हे, विकणाऱ्याची सही हवी. नोकरी, प्रवेश, विमा किंवा सरकारी लाभ यांपैकी काहीही अशा यंत्रावर अवलंबून ठेवता येऊ नये. सक्तीने नाही आणि सवलतीनेही नाही. चिपवाल्याला दोन हजार जास्त पगार देणे ही सक्तीच असते.

सरकारी रुग्णालयांचे काय? जो पैसे मोजून बाहेर हौस करून आला आणि पू झाला म्हणून रात्री दोन वाजता आमच्या दारात उभा राहिला, त्याला आम्ही घेणार. "तुम्हीच ओढवून घेतले" हे वाक्य डॉक्टरने बोलायचे नसते. ते आम्ही दारुड्यालाही म्हणत नाही आणि हेल्मेट न घातलेल्यालाही. पण आमच्या शस्त्रक्रियागृहाचा वेळ, भूलतज्ज्ञ आणि खाटा आजाऱ्यांच्या आहेत. मुंबईतल्या एका रुग्णालयात, अमेरिकेतील मृत रुग्णांच्या कुटुंबीयांनी दिलेले पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरजूंना बसवल्याचा अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. ते पेसमेकर नीट चालले. मेलेल्या माणसाच्या छातीतून काढलेले यंत्र धुऊन-पुसून जिवंत माणसाला द्यावे लागते, अशी टंचाई एकीकडे आणि त्याच शहरात तल्लख मेंदूसाठी रांग, असे चित्र उद्या दिसले तर मला त्याचे नवल वाटणार नाही. रागाचे म्हणाल तर तो आजही येतो.

ते होईल तेव्हा होईल. आज घरी एक काम करता येईल. आपल्या घरात कोणाच्या ना कोणाच्या शरीरात काहीतरी बसवलेले असतेच: डोळ्यातली लेन्स, हृदयातला स्टेंट, गुडघ्याचा सांधा, पेसमेकर, तांबी. लेन्स, स्टेंट, सांधा यांच्या खोक्यावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि क्रमांक असलेले स्टिकर असतात. त्यातला एक रुग्णाच्या कागदांवर चिकटवायचा असतो, पण तो अनेकदा रुग्णालयाच्या फाइलमध्येच राहतो. तो मागून घ्या. तांबी असेल तर कोणती, कधी बसवली आणि कधी काढायची, हे कार्डावर लिहून घ्या. या कागदांचा मोबाइलमध्ये एक फोटो असू द्या. काही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगाच, पण २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रमही आपल्याकडे आहे, त्याचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते, आणि त्यांच्याकडे तक्रार करायला डॉक्टर असण्याची गरज नाही.